दात आले की कोड बदलतो

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात लहान मुलांच्या पाकीटबंद खाण्याच्या आयातीवर एक बातमी होती, वर गुटगुटीत बाळाचा फोटो. बातमी चांगलीच होती, पण त्यात 'बेबी फूडची एकूण आयात' म्हणून जो आकडा दिला होता तो वाचून मी अडखळलो, कारण आयात मालाला कस्टम जे नंबर लावतं त्यातल्या फक्त १९०१.१० या एका कोडचा तो होता. मी पंचवीस वर्षं आयात मालाचे कागद करतोय, त्यात खाण्यापिण्याच्या वस्तू जास्त, म्हणून म्हटलं यावर लिहायलाच पाहिजे. विषय रटाळ आहे हे आधीच मान्य करतो, घरी पण कुणी ऐकून घेत नाही.

मुद्दा असा की टॅरिफमध्ये, म्हणजे कस्टमच्या कोड नि ड्युटीच्या तक्त्यात, 'बेबी फूड' नावाचं हेडिंगच (चार आकडी गट) नाहीये. जगातल्या बहुतेक सगळ्या देशांचं कस्टम टॅरिफ ज्या एचएस (हार्मोनाइज्ड सिस्टम) या मालाच्या वर्गवारीच्या पद्धतीवर चालतं ती ब्रुसेल्सच्या जागतिक कस्टम्स संघटनेची, १ जानेवारी १९८८ पासून लागू, पहिले सहा आकडे सगळीकडे सारखे आणि त्यापुढचे आकडे नि ड्युटीचे दर ज्याच्या त्याच्या देशाचे. हे ज्यांनी रचलं त्यांनी माल कोण खाणार यापेक्षा माल कशाचा बनलाय हे आधी विचारलं. दूध असेल तर चॅप्टर ४ (कोडचे पहिले दोन आकडे म्हणजे चॅप्टर), पीठ असेल तर १९, मांस मासे १६, भाज्या फळं २०, आणि कुठेच बसेना तर २१. बाळाचा नंबर त्याच्यानंतर लागतो, आणि तोही काहीच ठिकाणी.

एखाद्या सव्वा वर्षाच्या पोराचं दिवसभराचं पाकिटातलं खाणं टेबलावर मांडून बघा. सकाळची पावडर पाण्यात कालवून देतात, तांदळाचं पीठ नि दूध पावडर वगैरे, ती १९०१.१०. नुसतं दही असेल तर ते ०४०३, डब्यावर अस्वल असो की हत्ती. टोस्टसारखं कडक रस्क १९०५.४०, म्हणजे मोठ्यांच्या रस्कच्याच ओळीत. तोंडात विरघळणारे मक्याचे फुगवलेले पफ्स १९०४.१०. साधे ओट्सचे फ्लेक्स, बाकी काही न घातलेले, ते तर ११०४, म्हणजे अजून धान्यच. आणि सफरचंदाच्या प्युरीचा पाऊच कुठे जाईल हे मी पाऊच बघून सांगूच शकत नाही, कारण २००७ मध्ये जायला ती 'शिजवून' केलेली लागते आणि शिजवणं म्हणजे काय हे चॅप्टर २० च्या ५ नंबरच्या नोटमध्ये (चॅप्टरला जोडलेल्या नियमात) लिहिलंय, उष्णता देऊन पाणी कमी करून किंवा दुसऱ्या कुठल्या मार्गाने घट्टपणा वाढवणं. नुसतं टिकावं म्हणून पाश्चराइझ केलं तर ते या अर्थाने शिजवणं होत नाही, मग २००८. फॅक्टरीतला प्रोसेस फ्लो चार्ट मागवावा लागतो एका सफरचंदासाठी!

एका पोराचं एका दिवसाचं खाणं, सहा हेडिंग. आता सांगा तुमच्या बातमीतल्या आकड्यात यातलं काय काय आलं? फक्त सकाळची पावडर.

पावडरचं पण सरळ आहे असं नाही. डब्यावर बाळ आहे म्हणून १९०१.१० असं भरणारे खूप आहेत, मीही सुरुवातीला भरायचो. आत जर नुसती दूध पावडर असेल, थोडी व्हिटॅमिन घातलेली, तर ती ०४०२ मध्येच राहते. ती १९०१ ला जाते कधी, तर दुधातला एखादा नैसर्गिक घटक काढून त्याजागी दुसरं काही घातलं की, आणि फॉर्म्युलात (आईच्या दुधाऐवजी द्यायच्या पावडरीत) नेमकं हेच करतात, दुधाची चरबी काढून वनस्पती तेलं घालतात. चॅप्टर ४ ची नोट अशा मालाला सरळ बाहेर काढते. म्हणजे ज्या घटकाबद्दल आई-बाप सहसा विचारतही नाहीत तो आमच्यासाठी पहिला प्रश्न. आणि ज्यात दूधही नाही पीठही नाही, आमिनो अॅसिडवर बनवलेली अॅलर्जीच्या बाळांची पावडर, तिथे १९०१ च्या शब्दांत माल बसतो का यावरच वाद सुरू होतो आणि २१०६ चं दार उघडतं. जास्त आजारी बाळ, जास्त किचकट कोड. अजून एक, १९०१.१० ला रिटेल पॅकिंग लागतं. तीच पावडर २५ किलोच्या गोणीत रिपॅकिंगला आली तर १९०१.९०, आतलं बाळाचंच असलं तरी.

(कोको घातलेलं काही असेल तर १९०१ मध्ये राहायला कोकोच्या टक्केवारीची हद्द आहे, दुधाच्या मालाला ५ आणि पिठाच्या मालाला ४०, ती पण चरबी पूर्ण काढून मोजायची. लहान मुलांच्या खाण्यात कोको कशाला हवाय असं माझं वैयक्तिक मत, पण ते टॅरिफला विचारून उपयोग नाही.)

आता खरी गंमत बरण्यांची, ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं.

टॅरिफमध्ये बाळांसाठी म्हणून मुद्दाम केलेल्या जागा आहेत, पण त्या विखुरलेल्या. मांसाचं वाटण १६०२.१०, भाज्यांचं २००५.१०, फळांचं शिजवलेलं २००७.१०, आणि यातल्या दोन किंवा जास्त गोष्टी एकत्र केल्या, म्हणजे चिकन आणि गाजर असं, तर २१०४.२०. (एचएसच्या २०२२ च्या आवृत्तीपासून १६०२.१० मध्ये मांसाच्या जोडीला कीटकही आलेत, त्याची बरणी अजून माझ्या टेबलावर आलेली नाही, येऊही नये.) माशाला मात्र अशी जागाच दिलेली नाही, बाळासाठी माशाची पेस्ट केली तरी ती १६०४.२० मध्ये मोठ्यांच्या माशाबरोबर. का, ते मला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही. या चारही जागांची अट जवळजवळ सारखीच आहे. बारीक एकजीव केलेलं पाहिजे, रिटेल विक्रीसाठी पॅक केलेलं पाहिजे, बाळांना किंवा लहान मुलांना योग्य किंवा पथ्याचं म्हणून, आणि बरणीत नेट वजन २५० ग्रॅमपेक्षा जास्त नको. दिसणारे तुकडे असले तर चालतील, पण थोडेच. म्हणजे दात न आलेलं बाळ आणि दात पडलेले आजोबा एकाच ओळीत जेवायला बसवलेत, आणि म्हणूनच या कोडचे आकडे बेरीज करून पण 'बेबी फूड' निघत नाही, त्यात पथ्याच्या पेशंटचं जेवण मिसळलेलं असतं.

'थोडेच' म्हणजे किती? नोटमध्ये आकडा नाही.

माझ्या एका पार्टीचा माल आला होता, बरण्यांचा. इनव्हॉइसवर एकच ओळ, 'बेबी फूड, असॉर्टेड', आणि सप्लायरने स्वतःच एक कोड टाकलेला, २१०४.२०. मी तोच कोड सगळ्याला लावून एंट्री केली, ही माझी चूक, दुसऱ्या कुणाची नाही. माल तपासायला उघडला तर एकाच ब्रँडच्या दोन प्रकारच्या बरण्या, दोन्हीत चिकन, गाजर, बटाटा, दोन्हीवर तेच हसरं बाळ, पण एकावर लिहिलंय ८ महिन्यांपासून आणि दुसऱ्यावर १२ महिन्यांपासून. ऑफिसरने दोन्ही फोडायला लावल्या. पहिलीतलं चमच्यावर घेतलं तर गुळगुळीत केशरी लगदा, चमचा उलटा केला तरी चिकटून राहणारा. दुसरीतलं त्याने पांढऱ्या कागदावर ओतलं आणि पेनच्या टोपणाने बाजूला सारायला लागला, गाजराचे वाटाण्याएवढे चौकोनी तुकडे, बटाट्याचे जरा मोठे, मधेच चिकनचे धागे. मोजता मोजता तिसाच्या पुढे गेला, अजून अर्धी बरणी शिल्लक. माझ्याकडे बघून म्हणाला, "हे एकजीव आहे?" मी काय बोलणार.

पहिली बरणी २१०४.२० मध्ये राहिली. दुसरी तिथून बाहेर. आणि बाहेर पडली की लगेच दुसरा नियम अंगावर येतो, चॅप्टर १६ ची नोट, की मालात मांस मासे वगैरे वजनाने २० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर तो माल चॅप्टर १६ चा. हा नियम २१०४ च्या मालाला लागत नाही, म्हणजे बारीक वाटलेलं असेपर्यंत चिकन किती हे कुणी विचारणार नव्हतं. तुकडे दिसले आणि चिकन मोजायची वेळ आली. लेबलवर लिहिलं होतं २४ टक्के. ऑफिसर म्हणाला झालं, १६०२. पण इथे एक बारकावा आहे, वजन धरायचं ते माल कस्टमसमोर येतो त्या अवस्थेतलं, कच्चं असतानाचं नाही, आणि कंपन्या लेबलवर बहुतेक वेळा भांड्यात किती कच्चं टाकलं ते लिहितात. चिकन शिजलं की पाणी सोडतं. सॅम्पल लॅबला गेलं, माल गोदामात, पार्टी दिवसातून तीनदा फोन करतेय, डेमरेजचं (माल पडून राहिल्याच्या आकाराचं) मीटर चालू, आणि अकराव्या दिवशी रिपोर्ट आला, २० च्या खाली. मग शेवटी ती बरणी भाज्यांच्या हेडिंगमध्ये बसली. नावात चिकन, चित्रात बाळ, आणि कागदावर नुसती भाजी.

त्या ऑफिसरला मी दोष देत नाही, त्याने बरोबर वाचलं. टॅरिफ कसं वाचायचं त्याच्या, म्हणजे इंटरप्रिटेशनच्या, पहिल्याच नियमात लिहिलंय की सेक्शन, चॅप्टरची नावं फक्त संदर्भाला आहेत, क्लासिफिकेशन ठरतं ते हेडिंगच्या शब्दांवर आणि नोट्सवर. लेबलवरचं '१२ महिन्यांपासून' हे एक पुरावा म्हणून बघतील, पण त्याने गाजराचा तुकडा बारीक होत नाही.

पण नियम लिहिणाऱ्यांना मी दोष देतो, आणि का ते सांगतो. २०१७ च्या आधी १९०१.१० चे शब्द होते 'बाळांच्या वापरासाठी'. २०१७ च्या आवृत्तीत ते बदलून 'बाळांना किंवा लहान मुलांना योग्य' असे केले, आणि बरण्यांच्या नोट्समध्ये पण लहान मुलं आली. चांगली गोष्ट झाली, कारण खाद्यपदार्थांची जी जागतिक मानकं आहेत, कोडेक्सची, त्यात बाळ म्हणजे १२ महिन्यांपर्यंतचं आणि लहान मूल म्हणजे त्यापुढचं ३ वर्षांपर्यंतचं असे दोन वेगळे गट कधीपासूनच होते, टॅरिफ मागे होतं. पण नाव वाढवलं आणि अट तीच ठेवली! 'बारीक एकजीव' तसंच. २५० ग्रॅम तसंच. २०२२ च्या आवृत्तीत पण तसंच. आता दोन वर्षांचं मूल गुळगुळीत लगदा खातं का? त्याला चावायला द्या असंच तर डॉक्टर सांगतात, सहा महिन्यांनंतर वरचं खाणं सुरू करा आणि हळूहळू जाडसर करत न्या. कंपन्या पण तसंच बनवतात, पहिला टप्पा लगदा, दुसरा जरा भरड, तिसरा तुकडेवाला. म्हणजे ज्या मुलाला २०१७ मध्ये टॅरिफने मोठ्या कौतुकाने आत घेतलं त्याच्या वयाचं खाणं आत येऊच शकत नाही, जोवर ते त्याच्यापेक्षा लहान बाळासारखं खात नाही तोवर. दात आले की कोड बदलतो, असं आम्ही ऑफिसात म्हणतो.

वजनाचं पण तेच. २५० ग्रॅम ही हद्द बाळाच्या बरणीला बरोबर आहे, उघडली की संपली पाहिजे, उरलेलं ठेवून द्यायची चीज नाही ती. मला वाटतं त्यामागे विचार असा असावा की मोठा डबा आला तर तो हॉटेलच्या किचनला पण जाऊ शकतो. ठीक. पण अडीच वर्षांच्या मुलाचं एक वेळचं पूर्ण जेवण ट्रेमध्ये भरून देणारे पण आता आहेत, तो ट्रे २६० ग्रॅमचा झाला की बाहेर. दहा ग्रॅम बटाट्याने.

यावर लोक म्हणतात, कोड कुठलाही असो, काय फरक पडतो. पडतो ना. दर हेडिंगवर असतात. कुठलंही सरकार जेव्हा 'बेबी फूडवरची ड्युटी कमी केली' असं जाहीर करतं तेव्हा मी पहिलं बघतो की कुठल्या सबहेडिंगसमोर (सहा आकडी कोडसमोर) आकडा बदलला. तो १९०१.१० समोर असेल तर पावडरचा डबा स्वस्त होईल आणि भाज्यांच्या बरणीला काही मिळणार नाही, आणि बातमी मात्र दोन्हीची छापून येईल. सवलत देणाऱ्याच्या मनात नसतं असं काही, पण होतं असं की फॉर्म्युला नि पीठ पुढे जातं आणि खऱ्या भाजीचे तुकडे मागे राहतात. मला तरी हे उलटं वाटतं. आणि बनवणारे हुशार असतात, त्यांना कोड आपल्यापेक्षा आधी कळतो, मग तुकडे अजून बारीक करायचे, वजन २४० वर आणायचं, अशी रेसिपी टॅरिफच्या मापाने बेतली जाते. बेकायदेशीर नाही त्यात काही. पण पोराने काय चावायचं ते ड्युटीच्या तक्त्याने ठरवावं हे जरा विचित्रच आहे की नाही?

आयात करणाऱ्यांना माझं एकच सांगणं असतं, सप्लायरचा कोड कॉपी करू नका. त्याने त्याच्या देशातून माल बाहेर काढताना टाकलेला असतो, तिकडे कुणी बरणी फोडून बघत नाही. त्याच्याकडून प्रत्येक फ्लेवरची वेगळी रेसिपी शीट मागा, टक्के कच्च्याचे की तयार मालातले हे लिहून घ्या, प्रोसेस मागा, तुकड्यांचा साइज मागा. 'कॉन्फिडेन्शियल आहे' असं उत्तर येतं, येऊ दे, परत मागा. आणि माल निघायच्या आधी अॅडव्हान्स रुलिंग, म्हणजे कोडबद्दल कस्टमचा आगाऊ निर्णय, घ्या. डब्ल्यूटीओचा (जागतिक व्यापार संघटनेचा) व्यापार सुलभीकरणाचा करार २२ फेब्रुवारी २०१७ ला लागू झाला त्यात क्लासिफिकेशनवर आगाऊ निर्णय द्यायची सोय सभासद देशांनी ठेवायची असं लिहिलेलंच आहे. वेळ लागतो हे खरं, पण अकरा दिवस गोदामात लहान मुलांचं खाणं पडून राहण्यापेक्षा बरं, त्याची एक्सपायरी काय आपल्यासाठी थांबत नाही.

आणि तुमच्याकडे दोन मागण्या. एक, त्या आकड्याखाली दुरुस्ती छापा की तो १९०१.१० चा आहे, बरण्या, दही, रस्क, पफ्स त्यात नाहीत. दुसरी, तुमचा जो वार्ताहर हा विषय बघतो त्याने पुढच्या वेळी एकदा तरी कुणा क्लिअरिंगवाल्याशी किंवा अधिकाऱ्याशी बोलावं. एचएसची पुढची आवृत्ती १ जानेवारी २०२८ पासून लागू होतेय, तेव्हा परत सगळे कोडचे तक्ते बदलतील, जुन्या नव्या आकड्यांची तुलना करताना अशीच गल्लत होईल. दह्याचं २०२२ मध्ये झालंच होतं, ०४०३.१० चं ०४०३.२० झालं आणि जुन्या कोडवर शोधणाऱ्याला एकदम दह्याची आयात शून्य दिसायला लागली.

त्या दुसऱ्या बरणीचं राहिलं. तपासणीनंतर उघडलेली म्हणून ती फेकूनच द्यायची होती, पण ऑफिसरने कागदावरचे गाजराचे तुकडे एका बाजूला सारून एक उचलून दोन बोटांत दाबला, तो लगेच चिरडला, लोण्यासारखा. म्हणाला, "एवढा मऊ आहे, बिनदाताचं पोरसुद्धा खाईल." मग सही केली, बाहेर काढल्याच्या शेऱ्याखाली.

आपला,
कस्टम क्लिअरिंगच्या कामातला एक जुना वाचक